विमानांच्या मॉडेलवर खऱ्या धातूसारखा फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिव्ह ड्रॅब किंवा करडा रंग बऱ्याच चुका पोटात घालतो. चंदेरी रंग एकही चूक पोटात घालत नाही, उलट बोट दाखवून सांगतो. म्हणून या फिनिशबद्दल शंका भरपूर येतात आणि त्यातल्या बहुतेक रंगाच्या बाटलीबद्दल असतात. खरं काम मात्र बाटली उघडण्याआधीच झालेलं असतं. खालची उत्तरं नेहमीच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या किट्स डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत.

चांगला चंदेरी रंग मारूनही मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं?

धातू आपण रंगावरून ओळखत नाही, प्रकाश कसा परत येतो त्यावरून ओळखतो. रंग म्हणून पाहिलं तर ॲल्युमिनियम म्हणजे एक फिकट करडाच. चंदेरी रंगात धातूचे अतिसूक्ष्म चपटे कण असतात. ते पृष्ठभागावर आडवे, एकमेकांना समांतर बसले तर प्रकाश एकाच दिशेनं परत फिरतो आणि धातूचा भास होतो. ते वेडेवाकडे उभे राहिले की तोच रंग करडा, दाणेदार दिसतो.

दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. १/७२ प्रमाणाच्या (खऱ्यापेक्षा ७२ पट लहान) मॉडेलवरचा ०.०५ मिमीचा कण खऱ्या विमानावरच्या ३.६ मिमीच्या कणाएवढा ठरतो. म्हणजे तुमच्या विमानावर साबुदाण्याएवढ्या चमचमत्या टिकल्या चिकटवल्यासारखं झालं. गाडीच्या किंवा हस्तकलेच्या चंदेरी स्प्रेनं रंगवलेली विमानं खोटी वाटतात ती बहुतेक वेळा यामुळेच. मॉडेलसाठी बनवलेल्या चांगल्या मेटॅलिक रंगांत कण इतके बारीक दळलेले असतात की नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत.

सगळी चंदेरी विमानं सारखीच रंगवायची का?

नाही, आणि हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवा. दुरून चंदेरी दिसणाऱ्या विमानावर निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: उघडा पत्रा, ॲल्युमिनियम रंग मारलेला पत्रा आणि ॲल्युमिनियम डोप (कापड ताणून घट्ट करणारा रंग) लावलेलं कापड. बऱ्याचदा एकाच विमानावर यातल्या दोन किंवा तिन्ही सापडतात.

पी-५१डी मस्टँगचं उदाहरण घ्या. त्याची फ्यूजलाज, म्हणजे धड, उघड्या धातूची. पण पंखांवरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखांच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे पुट्टीनं बुजवून, घासून, वर ॲल्युमिनियम लॅकर (झटपट सुकणारा रंग) मारलेलं असे. म्हणजे मॉडेलवरही पंख थोडे मंद, एकसारखे, रंगवलेले दिसायला हवेत आणि फ्यूजलाज पत्र्याची. सुरेख रिव्हेट कोरलेले, आरशासारखे चकाकणारे मस्टँगचे पंख बघायला छान वाटतात, पण युद्धात वापरलेल्या विमानाचे म्हणून ते चूक आहेत. शेपटीवरचा हलणारा रडर कापडी होता, त्यामुळे तिथे धातूची चमक शोभत नाही. सपाट, दुधाळ चंदेरी हवा.

१९३० च्या दशकातलं हॉकर फ्युरी बायप्लेन बघितलं तर नाकाकडचे इंजिनवरचे पत्रे घासून लखलखीत केलेले आणि मागचं सगळं अंग चंदेरी डोपच्या कापडाचं. मिग-१५ च्या काळातल्या बऱ्याच सोव्हिएत जेट्सच्या पत्र्यावर संरक्षणासाठी लॅकरचा हात असे, त्यामुळे ती जरा राखाडी, मऊ दिसतात. अमेरिकन एअरलाइन्सची प्रवासी विमानं २०१३ पर्यंत पॉलिश केलेल्या उघड्या धातूची होती. तिथे मात्र खरोखर आरसा चालतो. त्यानंतर नव्या रंगसंगतीत चंदेरी रंग आला, कारण काही नव्या विमानांच्या कॉम्पोझिट अंगाला पॉलिश करायला धातूच नसतो.

संग्रहालयातल्या किंवा एअर शोमधल्या विमानांच्या फोटोंवर विसंबू नका. ती हौसेनं पॉलिश केलेली असतात. १९४४ मधलं, उघड्यावर उभं राहणारं बी-१७जी त्यापेक्षा कितीतरी मळकट होतं. अमेरिकी हवाई दलानं तेव्हा छद्मरंग सोडला तो वजन, वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी. विमान चमकावं असा काही हेतू नव्हता. काळ्यापांढऱ्या जुन्या फोटोत छटांचा फरक फार स्पष्ट दिसतो, तोच आपल्या कामाचा.

खऱ्या विमानाचा पत्रा काही महिन्यांत मळका का दिसतो? ॲल्युमिनियम गंजत नाही ना?

लोखंडासारखं लाल होत नाही, एवढंच. विमानात शुद्ध ॲल्युमिनियम वापरता येत नाही, ते मऊ असतं. ताकदीसाठी तांबं मिसळलेला मिश्रधातू वापरतात, पण तो हवेत लवकर खराब होतो. म्हणून त्याच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवतात. अशा पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात आणि तो १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. शुद्ध ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पारदर्शक थर धरतो आणि चमक हळूहळू मऊ होते. ओतीव किंवा घडीव भागांवर असा थर नसतो, त्यामुळे ते मुळातच गडद आणि मंद दिसतात. लँडिंग गिअरचे पाय पंखांपेक्षा वेगळ्या छटेत रंगवायचे ते याचसाठी.

रंगाआधी पृष्ठभाग किती गुळगुळीत करावा?

करड्या रंगासाठी जिथे थांबता, तिथून आणखी दोन-तीन पायऱ्या पुढे जा. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे दाणे सरासरी ३५ मायक्रॉनचे, १००० चे साधारण १८ आणि २००० चे १० मायक्रॉनच्या आसपास असतात. ४०० चा ओरखडा प्रायमरखाली (रंगाआधीच्या थराखाली) बुजल्यासारखा वाटतो आणि चंदेरी थर बसला की बाभळीच्या काट्यासारखा वर येतो. म्हणून ६००, १०००, १५००, २००० असा क्रम धरा. प्रत्येक वेळी पाणी लावून घासा आणि प्रत्येक नवा पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेनं फिरवा. आधीचे ओरखडे गेले का, हे त्यामुळे लगेच कळतं. आरशासारखा फिनिश हवा असेल तर पुढे ४०००, ८००० चे कापडी पॅड आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड.

तपासायची रीत अशी: खोली अंधारी करा, मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरा आणि लहान टॉर्चचा झोत जवळजवळ समांतर पाडा. पंखाच्या पुढच्या कडेवर टॉर्चचं प्रतिबिंब एक सरळ रेघ म्हणून सरकत गेलं पाहिजे. जिथे ती रेघ थबकते, वाकते किंवा दुभंगते, तिथे सांधा अजून आहे. बोटाला तो लागत नाही, पण चंदेरी रंग त्याच जागी केसासारखी काळी रेघ उमटवतो.

सांधे बुजवायला कोणती पुट्टी चांगली?

नेहमीच्या थिनरवाल्या पुट्टीनं या कामात दगा दिला तर नवल नाही. ती वाळताना आकसते, सच्छिद्र राहते आणि वरचा रंग शोषून घेते. मग त्या जागी रंग वेगळा, मंद दिसतो, जणू जखमेचा वण. त्याऐवजी सुपरग्लू वापरा. सांध्यावर सोडा, ॲक्सिलरेटर (सुपरग्लू झटपट कडक करणारं द्रव) लावा आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचं प्लॅस्टिकच खाली बसतं. बारीक रेघांसाठी मिस्टर सर्फेसर ५०० किंवा १००० हा दाट प्रायमर पुरतो.

घासताना पुसट झालेल्या पॅनेल लाइन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरलेल्या रेघा) परत कोरायच्या तर प्रायमरआधीच. चंदेरी थरावर कोरकाम करायची वेळ येऊ देऊ नका.

काळा चकचकीत बेस लागतोच का?

प्रत्येक रंगाला लागत नाही. अल्क्लॅड २ (हा मॉडेलच्या रंगांचा ब्रँड, वरचा पत्रा नव्हे) मालिकेतल्या क्रोम, पॉलिश्ड ॲल्युमिनियमसारख्या अतिचकाकीच्या छटांना लागतो, कारण त्यांचा थर इतका पातळ असतो की खालचा काळा रंग आरशाच्या मागच्या बाजूचं काम करतो. त्याच मालिकेतल्या साध्या ॲल्युमिनियम, ड्युराल्युमिन, स्टील अशा छटा करड्या प्रायमरवरही छान बसतात.

लक्षात ठेवायचं ते बेसच्या गुळगुळीतपणाचं. चकाकी चंदेरी रंगातून येत नाही, बेसमधून वर येते. काळ्या बेसवर संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर चंदेरी थर तो पोत जसाच्या तसा दाखवतो. लॅकर प्रकारचा काळा सगळ्यात सोयीचा: सावकाश सुकणाऱ्या लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ केला की तो स्वतःच सपाट होतो. टामिया एक्स-१ सारखा ॲक्रिलिक काळाही लॅकर थिनरमध्ये मिसळून चालतो. इनॅमल काळा वापरलात तर तो पूर्ण कडक व्हायला कित्येक दिवस द्या. अर्धवट वाळलेल्या बेसवर लॅकर पडलं की वरचा थर तडकतो.

वाळलेल्या बेसला उघडा हात लावू नका. नायट्राइलचे हातमोजे घाला. घामाच्या बोटाचा ठसा चंदेरीखाली कायमचा राहतो.

इतके ब्रँड आहेत, घेऊ कोणता?

तुमच्याकडे काय साधनं आहेत आणि वर किती मास्किंग (टेप लावून भाग झाकणं) करायचं आहे, यावर ते ठरतं.

अल्क्लॅड २ लॅकर आहे, बाटलीतून थेट एअरब्रशमध्ये जातं, झटपट सुकतं आणि त्यावर टेप लावता येतो. वास उग्र. माझं मत विचाराल तर ज्या विमानावर तीन-चार छटांचे पॅनेल मास्क करायचे आहेत, तिथे लॅकरला पर्याय नाही. मिस्टर कलर सुपर मेटॅलिक याच जातीचा आणि तितकाच कणखर.

व्हॅलेहो मेटल कलर पाण्याचा ॲक्रिलिक आहे. त्याच्या कणांची बारीकी खरंच थक्क करते, वास जवळपास नाही, आणि लहान भाग ब्रशनंही रंगवता येतात. त्याची पकड मात्र खालच्या प्रायमरवर अवलंबून, टेप काढताना सावध राहावं लागतं.

एके इंटरॅक्टिव्हचा एक्स्ट्रीम मेटल इनॅमल जातीचा आहे. पृष्ठभागावर सुंदर पसरतो, मारायला सगळ्यात सोपा म्हटला तरी चालेल. पण त्यावर व्हाइट स्पिरिटचा वॉश (रेघांत भरायचा पातळ रंग) थेट लावला तर रंग सुटू शकतो, मध्ये वार्निशचा थर लागतो.

घासून चमकवायचे रंग ही वेगळीच जात. हम्ब्रोल मेटलकोट किंवा मिस्टर मेटल कलर मारल्यावर आधी मंद दिसतात. मऊ कापडानं घासलं की चमक वर येते. इंजिन, एक्झॉस्ट, चाकांचे पाय यांना ते फार शोभतात. पूर्ण विमान त्यात करायचं तर हात लागेल तिथे चमक बदलत जाते, हे आधीच माहीत असू द्या.

कोणताही घ्या, बाटली भरपूर हलवा. कण तळाशी बसतात आणि वरच्या पाण्यासारख्या द्रवानं मॉडेल रंगवून "झाकत का नाही" म्हणणारे काही कमी नाहीत.

एअरब्रशचं प्रेशर, अंतर वगैरे किती ठेवावं?

लॅकर मेटॅलिकसाठी १२ ते १५ पीएसआय, ०.२ किंवा ०.३ मिमीचं नोझल, अंतर साधारण ५ ते ८ सेंटिमीटर. थर धुक्यासारखे पातळ. पहिल्या फेरीनंतर काळा बेस जेमतेम धुरकट झालेला दिसला पाहिजे, त्यापेक्षा जास्त नको. तीन-चार फेऱ्यांत झाकलं जातं. आरशाच्या छटांना तर बेस पूर्ण झाकायचाच नसतो. जास्त मारलं की चमक वाढण्याऐवजी मरते, कारण कण एकमेकांवर ढीग करून बसतात.

अंतर वाढलं तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर पावडर होऊन पडतो. पंखाच्या मुळाशी, जिथे फ्यूजलाज आणि पंख कोनात मिळतात, तिथे हे हमखास होतं. तो कोपरा आधी कमी प्रेशरनं रंगवा, मोकळे सपाट भाग नंतर.

एअरब्रश नाही. स्प्रे कॅननं किंवा ब्रशनं जमेल का?

कॅननं जमतं, आणि चांगलं जमतं. टामियाचा एएस-१२ बेअर मेटल सिल्व्हर अजिबात लखलखीत नाही, पण वापरातल्या लष्करी विमानाचा थोडा मंद पत्रा त्यात अगदी बरोबर मिळतो. शिवाय तो टणक आहे, टेप सहन करतो. मारण्याआधी कॅन काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक पडतो. कोमटच, गरम पाणी किंवा आच अजिबात नको, कॅन फुटू शकतो.

ब्रशनं अख्खं विमान रंगवण्याचा नाद सोडा. ब्रशचे फराटे कणांच्या रांगा लावतात आणि ते लपत नाहीत. एअरब्रश नसेल तर फॉइल हा खरा मार्ग आहे.

घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलनं खरंच विमान मढवतात?

मढवतात, आणि खऱ्या धातूसारखं दिसणं हाच निकष असेल तर रंग त्याच्या जवळपासही येत नाही, कारण फॉइल खरा धातूच आहे. गंमत अशी की साध्या स्वयंपाकघरी फॉइलची जाडी ०.०१६ मिमीच्या आसपास असते. १/७२ च्या मॉडेलसाठी ७२ नं गुणलं तर १ मिमीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे बऱ्याच विमानांच्या खऱ्या पत्र्याएवढी!

चिकटपट्टीसह तयार मिळणारं बेअर-मेटल फॉइल सोपं आहे. साधं फॉइल घेतलं तर मायक्रोस्केलचा फॉइल ॲडहेसिव्ह मागच्या बाजूला मऊ ब्रशनं पातळ लावा. तो दुधाळ असतो. पारदर्शक आणि चिकट झाला की वापरायला तयार. एका वेळी एकच पॅनेल घ्या. पॅनेलपेक्षा चार-पाच मिमी मोठा तुकडा कापा, मधोमध टेकवा आणि कापसाच्या काडीनं मधून कडेकडे घासत न्या. सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. आता टूथपिकचं टोक बोथट करून पॅनेल लाइनवरून हलकेच फिरवा. फॉइल खाचेत बसतं, रेघ उमटते. नवं कोरं ब्लेड त्या खाचेत टेकवून, हात न दाबता, एका ओढीत कापा. बोथट ब्लेड फॉइल कापत नाही, फाडतं. ब्लेडच्या बाबतीत काटकसर करू नका.

यातला खरा आनंद पुढे आहे. पत्रा लाटून बनतो, त्यामुळे त्यावर एका दिशेच्या अतिबारीक रेषा असतात, आणि शेजारच्या पॅनेलचा पत्रा वेगळ्या दिशेनं कापलेला असेल तर तो वेगळा उजळतो. फॉइललाही अशी दिशा असते. एक तुकडा उभा, शेजारचा आडवा लावा. रंग एकच, तरी मॉडेल हातात फिरवलं की एक पॅनेल उजळतं आणि दुसरं काळवंडतं. चिकटवल्यावर ०००० नंबरच्या स्टील वूलनं एखादं पॅनेल एकाच दिशेनं हलकं घासलं की फरक आणखी उठून दिसतो. या परिणामाची रंगानं नक्कल करता येते, तो साधत मात्र नाही.

अडचण दुहेरी गोलाईची. नाकाचा शंकू, इंजिन काउलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) ओठ, पंखांची टोकं इथे एकच मोठा तुकडा सुरकुतल्याशिवाय बसत नाही. लहान पट्ट्या लावा किंवा तेवढा भाग रंगवा. शेजारी रंग आणि फॉइल आले तरी बिघडत नाही; खऱ्या विमानावरही ते भाग वेगळेच दिसतात.

वेगवेगळ्या पॅनेलांना वेगळी छटा द्यायची तर किती?

कमी. एक मूळ छटा आणि तिच्याहून किंचित गडद, किंचित उजळ अशा दोन, इतकं पुरे. मूळ रंगात त्याच मालिकेतल्या गडद छटेचे थेंब मिसळून छटा बनवा. वेगळ्या ब्रँडच्या वेगळ्या बाटल्या शेजारी लावल्या की विमान गोधडी दिसतं. स्पर्धांमध्ये अशा गोधड्या बक्षिसं घेऊनही जातात, तरी मला त्या पटत नाहीत. गडद छटा कुठे द्यायची हे फोटोवरून ठरवा: एक्झॉस्टभोवतीचे उष्णता सोसणारे पत्रे, बंदुकांची झाकणं, नंतर बदललेले पॅनेल. फोटो नसेल तर दोन्ही पंखांवर तोच नमुना आरशातल्यासारखा काढू नका.

टेप काढताना रंग निघून येतो. काय करू?

बहुतेक वेळा दोष प्लॅस्टिकवरच्या तेलकटपणाचा असतो. किटचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश त्यांच्यावर राहतो. जोडणीआधी भांड्यांच्या लिक्विड साबणाच्या कोमट पाण्यात ते धुवा. रंगाआधी पुन्हा एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, फक्त खाली ॲक्रिलिक रंग असेल तर नाही, तो विरघळेल. लॅकरवर निदान एक दिवस, ॲक्रिलिकवर दोन-तीन दिवस टेप लावू नका. टेप आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून त्याची पकड कमी करा. मोठ्या भागासाठी टेपची फक्त कड आणि आत कागद. काढताना टेप स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) चंदेरी रंगावर नीट बसतात का? भोवतीची पारदर्शक कड दिसते.

पृष्ठभाग चकचकीत असल्यामुळे वेगळ्या ग्लॉस कोटची गरज सहसा पडत नाही. पण डिकलची पारदर्शक फिल्म धातूवर कुठल्याही रंगापेक्षा जास्त दिसते. त्यामुळे ती छाटणं इथे ऐच्छिक नाही. आकडे आणि अक्षरांच्या कडेला लागून नव्या ब्लेडनं कापा, आतल्या पोकळ जागांतलीही काढा. डिकल मऊ करणारं द्रव आधी रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर लावून बघा. जोरकस द्रवाचा थेंब पृष्ठभागावर सुकला तर काही मेटॅलिक रंगांवर डाग राहतो, म्हणून आजूबाजूचं ओघळलेलं लगेच टिपा. मोठी चिन्हं डिकलऐवजी मास्क लावून रंगवता आली तर सोन्याहून पिवळं.

शेवटी वार्निश मारायचं का?

जमेल तिथे टाळा. कितीही चांगलं पारदर्शक वार्निश असलं तरी धातूवर पडलेला प्रकाश एका जास्तीच्या थरातून जातो-येतो आणि चमक एक पायरी उतरते. वार्निशमधलं थिनर कण हलवूही शकतं. लॅकरवर लॅकर वार्निश मारलं की काही वेळा चंदेरीचा करडा होतो तो यामुळे. डिकल सील करणं भागच असेल तर पाण्याचं ॲक्रिलिक ग्लॉस पातळ थरात मारा. मस्टँगच्या रंगवलेल्या पंखांवर सॅटिन वार्निश आणि फ्यूजलाजवर काहीच नाही, असं केलं तर दोन्हींतला फरक आपोआप दिसतो. फॉइलवर वार्निश मारायचंच नाही.

पॅनेल लाइनमध्ये काळा वॉश भरू का?

काळा नको. गडद करडा किंवा करडा-तपकिरी. चकचकीत पृष्ठभागावर काळी रेघ फारच ओरडते आणि विमान जाळीत पकडल्यासारखं दिसतं. हलणारे भाग, म्हणजे एलेरॉन, फ्लॅप, रडर यांच्या फटीत गडद रेघ योग्य. स्थिर पत्र्यांच्या सांध्यात त्याहून फिकी. लॅकरवर इनॅमल किंवा ऑइल वॉश निर्धास्त लावा, जास्तीचं व्हाइट स्पिरिटनं ओलसर केलेल्या काडीनं हवेच्या प्रवाहाच्या दिशेनं पुसा. रिव्हेटांत मात्र वॉश जवळपास नकोच. १/७२ मध्ये ३ मिमीचा रिव्हेट ०.०४ मिमीचा होतो, तो काळ्या टिंबानं दाखवणं म्हणजे विमानाला गोवर आल्यासारखं.

जेटच्या शेपटाकडचा जळालेला निळा-जांभळा रंग कसा आणायचा?

एफ-१०० सुपर सेबरचा मागचा भाग हा याचा नमुना. आफ्टरबर्नरभोवतीचे (जास्तीचं इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या मागच्या भागाभोवतीचे) टायटॅनियम आणि स्टीलचे पत्रे तापून सोनेरी, तपकिरी, जांभळे, निळे होत, आणि व्हिएतनाम युद्धात बाकीचं विमान हिरव्या-तपकिरी रंगात आलं तरी तो भाग उघडाच राहिला.

रंगांचा क्रम मनानं ठरवायचा नाही, तो भौतिकशास्त्रानं ठरवलेला आहे. धातू तापला की ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि त्या जाडीप्रमाणे रंग बदलतो: आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. साध्या पोलादात गवती रंग सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास आणि निळा तीनशेच्या आसपास येतो. टायटॅनियमला तापमान जास्त लागतं, क्रम तोच. म्हणजे सगळ्यात गरम जागी निळा आणि तिथून दूर जाताना जांभळा, तपकिरी, पिवळा. उलटा क्रम लावलेली मॉडेलं बरीच दिसतात.

स्टीलच्या छटेवर पारदर्शक रंग फार पातळ करून, अगदी कमी प्रेशरनं, बारीक रेघेत मारा. टामियाचे पारदर्शक निळा आणि स्मोक, जोडीला पारदर्शक पिवळ्याचा थेंब, एवढ्यावर भागतं. आतल्या सांगाड्याच्या रिंगा उष्णता वेगळी वाहून नेतात, त्यामुळे रंग सलग नसतो, पट्ट्यापट्ट्यांत येतो. टेपच्या अरुंद पट्ट्या लावून हे छान निघतं.

लँडिंग गिअरच्या शॉक ॲब्सॉर्बरची चकचकीत दांडी?

बेअर-मेटलच्या क्रोम फॉइलची बारीक पट्टी गुंडाळा. किंवा मोलोटो लिक्विड क्रोमचं पेन: एक थेंब, एकच हात, मग काही दिवस स्पर्श नाही आणि वर वार्निश नाही.

चंदेरी थर खडबडीत, सँडपेपरसारखा लागतोय. वाचवता येईल?

कोरड्या फवाऱ्याची धूळ असेल तर हो. पूर्ण सुकल्यावर ४००० च्या पुढच्या पॅडनं कोरडंच, हलक्या हातानं घासा, धूळ पुसा आणि त्या मालिकेतला एक पातळ थर जवळून मारा. बेसच्याच खाली कचरा किंवा केस अडकला असेल तर तेवढा भाग २००० नं प्लॅस्टिकपर्यंत उतरवून पुन्हा बेसपासून सुरू करा. प्लॅस्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तो तीव्र लॅकरनं प्लॅस्टिक खाल्ल्याचा परिणाम आहे. त्या रंगानं बुजत नाहीत. घासा, प्रायमरचा थर द्या आणि यापुढे लॅकर थेट उघड्या प्लॅस्टिकवर ओलं मारू नका.

लॅकरचा वास घरात सोसवत नाही. धोका किती?

वास गेला म्हणजे वाफ गेली असं नसतं. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क घाला. धुळीचा साधा कापडी मास्क किंवा सर्जिकल मास्क वाफ थांबवत नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, खोलीतच फिरवणारा नव्हे. जवळ पेटती ज्योत, उदबत्ती, ठिणगी काही नको. फिनिशसाठी एवढी दगदग नको असेल तर पाण्याच्या मेटॅलिकवर किंवा फॉइलवर राहा, त्यांतही उत्तम विमानं होतात. तिथेही फवारा मारताना मास्क घालाच.

पहिल्यांदा करायचं तर कोणतं विमान निवडू?

कमी सांधे आणि साधे आकार असलेलं. एफ-८६ सेबर किंवा मिग-१५ सारखं नळीसारखं जेट चांगलं. पंखा, इंजिन, कापडी भाग यांची भानगड नाही. लांब चार इंजिनांचं बी-२९ सुरुवातीला नको, एवढा सपाट पत्रा एकसारखा ठेवणं अनुभवी हातालाही जड जातं. विमानाआधी प्लॅस्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर बेस, छटा, टेप, वॉश, डिकल द्रव हे सगळं त्याच क्रमानं करून बघा. चमच्याची पाठ नाकासारखीच गोल असते आणि चूक स्पष्ट दाखवते. वाळलेल्या चमच्यांच्या दांड्यावर रंगाचं नाव, बेस आणि फेऱ्यांची संख्या लिहून ठेवा.

तयार मॉडेलवर धूळ बसते, पुसलं की चमक जाते. मग?

कापडानं पुसू नका, धूळच ओरखडे काढते. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठीचा हवेचा रबरी फुगा वापरा आणि मग रुंद, अतिमऊ मेकअप ब्रश. काचेच्या पेटीत ठेवलं तर प्रश्नच उरत नाही. मॉडेल उचलायचं ते चाकांच्या पायांना किंवा पोटाला हातमोज्यानं धरून. वार्निश नसलेल्या मेटॅलिकवर बोटांचा घाम काही आठवड्यांत डाग पाडतो.